जादा अश्वशक्ती नेमकी कुठे खर्च होते?

वाई मागे पडली की पसरणी घाट लागतो आणि पाचगणी येईपर्यंत रस्ता साधारण ६०० मीटर वर चढतो. चढ सरासरी ५ टक्क्यांच्या आसपास. दोन माणसं आणि सामान धरून १,७०० किलो भरणारी गाडी हा घाट ताशी ५० किलोमीटरने चढत असेल, तर चढाला, टायरच्या घर्षणाला आणि हवेच्या रोधाला मिळून तिला सुमारे २१ अश्वशक्ती लागते. एक अश्वशक्ती म्हणजे ७५ किलोचं वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याची ताकद. शोरूममध्ये मात्र घोळ चालायचा तो पोर्शे ९११ ही स्पोर्ट्स कार ३८५ अश्वशक्तीची घ्यावी की ४५०ची याचा.

साताऱ्या-सांगलीकडे गाडीवेड्या पोरांना तोटा नाही, आणि ‘बेस घेऊ की वरचं मॉडेल?’ हा प्रश्न मला पोरकट वाटत नाही. लाखो रुपयांचा सवाल असतो, आणि भौतिकशास्त्राकडे त्याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर आहे.

पोर्शे ९११ची २०१९च्या सुमारास आलेली पिढी घेऊ. कॅरेरा आणि कॅरेरा एस, दोघींना तेच तीन लिटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन आणि दोन टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे. फरक आहे तो मुख्यतः टर्बोच्या आकारात. कॅरेरा ३८५ अश्वशक्तीची, एस ४५०ची, म्हणजे १७ टक्के जास्त. पण कमाल वेग २९३वरून ३०८वर जातो, जेमतेम ५ टक्के. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि तो रोध त्या वेगाने कापत राहायला लागणारी शक्ती आठपट. शक्ती वेगाच्या घनाने वाढते. १.०५चा घन करून पाहा, १.१६ येतो. कंपनीचे आकडे आणि शाळेतलं गणित इतकं चपखल जुळलेलं पाहून मला खरंच आनंद होतो. अर्थात हा वेग आपल्या कामाचा नाही. २०१८च्या केंद्रीय अधिसूचनेने चौपदरी महामार्गावर कारची कमाल मर्यादा १०० आणि द्रुतगती मार्गावर १२० ठरवली होती.

मग उरतो पिकअप. उसाच्या हंगामात कराड-सांगली भागातल्या दुपदरी रस्त्यांवर दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असतो, मागे आपण चाळीसने. समोरचा रस्ता मोकळा दिसला की चाळीसचे ऐंशी करायचे. त्यासाठी गाडीच्या गतिज ऊर्जेत ठरावीक भर घालावी लागते, आणि लागणारा वेळ म्हणजे ती ऊर्जा भागिले शक्ती. शक्ती छेदात आहे, आणि सगळी गंमत या छेदात आहे.

फोक्सवॅगन व्हर्टस घ्या. एक लिटरच्या इंजिनाला ११५ अश्वशक्ती, दीड लिटरच्याला १५०. माणसांसह वजन १,५०० किलो धरलं आणि गिअरमधली गळती, वाऱ्याचा रोध सोडून दिला, तर पहिलीला सुमारे ३.३ सेकंद लागतात, दुसरीला अडीच. पाऊण सेकंदाचा फरक. ताशी ६०च्या वेगाला पाऊण सेकंद म्हणजे साडेबारा मीटर रस्ता, आणि तोही समोरच्या गाडीच्या लेनमध्ये. हेच गणित ९११ला लावा. १.१ सेकंदाचा ०.९५ होतो. इथे ६५ अश्वशक्ती वाढूनही हाती आला सेकंदाचा सहावा-सातवा हिस्सा, तिथे ३५च वाढल्या आणि त्याच्या पाचपट वेळ वाचला. म्हणून व्हर्टसच्या गिऱ्हाइकाला मी बेधडक सांगेन, परवडत असेल तर दीड लिटरची घे.

९११ला तो सहावा हिस्साही मिळत नाही. इंजिन कितीही ढकलो, रस्त्याला जोर लावतो तो टायर. इंजिन फिरवतं त्या मागच्या दोन टायरांवर गाडीचं बरंचसं वजन येतं, तरी कोरड्या डांबरावर ती पकड अंदाजे १०-११ हजार न्यूटनला संपते. योग्य गिअरमध्ये ३८५ अश्वशक्तीचं इंजिन ताशी नव्वदच्या आसपासपर्यंत त्याहून जास्त जोर देऊ शकतं. म्हणजे ट्रॅक्टर ओलांडताना दोन्ही मॉडेलं टायरच्याच मर्यादेवर चालतात.

वळणावर तर शक्तीचं नावच निघत नाही. वळणाचा कमाल वेग ठरतो वळणाच्या त्रिज्येवर आणि घर्षणावर. पंधरा मीटर त्रिज्येचं हेअरपिन वळण कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरने फार तर ४१च्या वेगाने निघतं. पावसात घर्षण निम्म्यावर आलं की तिशीच्या आत. गाडी ११५ची असो की ४५०ची, सूत्रात तो आकडा घालायला जागाच नाही.

टर्बोच्या आकाराबद्दल एक गोष्ट मात्र बेसच्या बाजूने जाते. लहान टर्बो लवकर फिरू लागतो. कॅरेराचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवण्याचा जोर, ४५० न्यूटन-मीटर, मिनिटाला १,९५० फेऱ्यांना हजर असतो. एसचा ५३० येतो २,३०० फेऱ्यांना. घाटात वळणातून बाहेर पडताना इंजिन बहुधा याच टापूत असतं. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा १२-१३ टक्के विरळ असते. साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद त्याच प्रमाणात घटते. टर्बो जास्त फिरून ती तूट बरीचशी भरून काढतो. त्यामुळे ‘वर जायचंय, मोठं इंजिन हवं’ हा हिशेब आता तितकासा खरा राहिलेला नाही.

एसचा खरा वरचष्मा दिसतो तो उतारावर, आणि त्याचा अश्वशक्तीशी संबंध नाही. १,७०० किलोची गाडी ६०० मीटर खाली आणायची म्हणजे एक कोटी ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवायची. एवढ्या उष्णतेत घरातलं सुमारे ३० लिटर साधं पाणी उकळीला येतं. खालचा गिअर टाकला तर इंजिन त्यातला मोठा वाटा उचलतं, उरलेला ब्रेकवर येतो. एसच्या पुढच्या डिस्क ३५० मिलिमीटरच्या आहेत, कॅरेराच्या ३३०च्या. मोठी डिस्क जास्त उष्णता साठवते आणि लवकर निवते. जुनी स्पोर्ट्स कार बघायला जाल तेव्हा डायनोचा, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, कागद नंतर मागा, आधी ब्रेक ऑइल कधी बदललं ते विचारा. हे ऑइल हवेतली ओल शोषत राहतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओल मुरल्यावर ही हमी १५५ अंशांवर येते. उकळलं की पाइपात वाफ धरते, वाफ दाबली जाते, आणि ब्रेकचं पेडल थेट तळाला जातं, गाडी कितीही अश्वशक्तीची असली तरी.