दहशतवादाची भीती व सुरक्षा-तपासणीच्या मर्यादा (इंदूर)

गर्दीत घातपात होईल ही धास्ती, तिच्यापोटी आलेल्या धातुशोधक चौकटी, कॅमेरे व भाडेकरूंची पोलीस नोंदणी, आणि या सगळ्यातून प्रत्यक्षात मिळणारी सुरक्षितता यांचा संबंध.

इंदूरमध्ये ही धास्ती बरीचशी बाहेरून आली. मुंबई किंवा अहमदाबादसारखे साखळी स्फोट शहराने पाहिलेले नाहीत. पण इथल्या अनेक मराठी घरांतली मुले-मुली पुण्या-मुंबईत नोकरीला. ११ जुलै २००६ चे लोकलमधले स्फोट, २६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला आणि १३ फेब्रुवारी २०१० ला पुण्याच्या जर्मन बेकरीत झालेला स्फोट या घटना इंदूरच्या रामबाग किंवा लोकमान्यनगरात नुसत्या बातम्या म्हणून येत नाहीत. आधी फोन लावला जातो, ‘पोचलास का रे घरी?’ म्हणून, टीव्ही नंतर.

शहराचे नाव थेट या विषयाशी जोडले गेले ते मार्च २००८ मध्ये. २००१ पासून बंदी असलेल्या ‘सिमी’ (स्टुडंट्स इस्लामिक मूव्हमेंट ऑफ इंडिया) संघटनेचा सरचिटणीस सफदर नागोरी याला साथीदारांसह इंदुरात अटक झाली. हे लोक कुठल्या चौकटीखालून जाताना सापडले नव्हते; पोलिसांना ते मिळाले माहितीच्या धाग्यावरून. मात्र याच प्रकरणाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. नागोरी कोठडीत असतानाच २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोटांची मालिका झाली. पन्नासहून अधिक माणसे गेली, आणि जखमींना जिथे नेले जात होते त्या रुग्णालयाच्या आवारातही स्फोट झाला. म्हणजे अटकही पुरी पडली नाही.

पुढे ७ मार्च २०१७ रोजी भोपाळ-उज्जैन पॅसेंजरमध्ये शाजापूर जिल्ह्यातल्या जबडी स्थानकाजवळ स्फोट होऊन काही प्रवासी जखमी झाले. संशयित त्याच दिवशी पिपरियाजवळ बसमधून पकडले गेले. पॅसेंजर दर लहान स्थानकावर थांबते; तिथे ना यंत्र ना शिपाई, फलाटावर रूळ ओलांडूनही चढता येते. मोठ्या स्थानकाच्या एका दारावर बॅगा कितीही उलगडून पाहिल्या तरी गाडी मधल्या वीस ठिकाणी उघडीच असते.

विमानतळाचे तसे नाही. आत जायची वाट एकच, हातात नावाचे तिकीट, आणि प्रत्येकाची झडती. २४ डिसेंबर १९९९ च्या आयसी-८१४ या विमानाच्या अपहरणानंतर, २००० सालापासून, देशातल्या विमानतळांची राखण टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे (सीआयएसएफ) गेली. तपासणीचा खरा उपयोग होतो तो अशाच बंदिस्त जागी. तिथेही नियम मागून येतात. डिसेंबर २००१ मध्ये बुटात स्फोटके घेऊन एक जण विमानात बसला, मग बूट काढणे आले. ऑगस्ट २००६ मध्ये लंडनचा द्रव स्फोटकांचा कट उघडा पडला, मग बाटल्यांवर बंधन आले.

मॉल आणि देवळांच्या दारातली तपासणी या मानाने लुटुपुटुची. चौकट वाजते, वाजतच राहते. खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचे बक्कल, पर्समधला स्टीलचा डबा. शिपाई हातातला दांडा पाठीवरून फिरवतो, ‘डबा आहे, पोहे आहेत’ ऐकतो आणि पुढे सोडतो. दिवसभर खोटी घंटा ऐकणारा माणूस खरी घंटा ओळखेल कशी, हा त्याचा दोष नव्हे, गणिताचा आहे. दहा लाख लोकांत घातपाती एकच आणि यंत्र शंभरात एकदाच चुकणारे असे धरले, तरी ते सुमारे दहा हजार निर्दोष माणसांसाठी वाजेल. शिवाय दाराशी लागलेली रांग हीसुद्धा गर्दीच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर अशा चौकटी होत्या. एके-४७ घेऊन आलेल्या दोघांना त्यांनी अडवले नाही.

इंदूरच्या राजवाड्यापाशी तर दार लावायचे कुठे हाच प्रश्न. सराफा, खजुरी बाजार, शीतलामाता बाजार सगळे आजूबाजूला, आणि रंगपंचमीच्या गेरीला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, याच भागात लाखोंची गर्दी, पाण्याचे टँकर आणि गुलालाचे ढग. या गर्दीची झडती घेता येत नाही. तिथे वाट मोकळी ठेवणे, रुग्णवाहिका आत पोचवणे आणि ध्वनिक्षेपकावरून घबराट आवरणे हेच हातात असते. चेंगराचेंगरीतही त्याचाच उपयोग होतो.

भीती आणि धोका यांचे माप इथे फारसे जुळत नाही. १२ सप्टेंबर २०१५ रोजी झाबुआ जिल्ह्यातल्या पेटलावदला वस्तीत साठवलेल्या जिलेटिनच्या कांड्यांचा स्फोट होऊन पंचाहत्तरहून अधिक लोक मेले. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीला, इंदूरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवर टाकलेला स्लॅब हवन चालू असताना कोसळला. ३६ भाविक गेले. त्या बांधकामाबद्दल महापालिकेने आधीच नोटीस बजावली होती. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. स्लॅबची पाहणी करणारा अभियंता कुणाला सुरक्षा कर्मचारी वाटत नाही, हे या विषयातले मोठे वैगुण्य.

भाडेकरूंची माहिती ठाण्यात देण्याचा दंडक इंदुरात आहे. कागदावर उपाय ठीक, कारण लपायला भाड्याची खोली लागते. व्यवहारात मात्र काही घरमालक आडनाव आणि मोहल्ला ऐकूनच ‘खोली कालच गेली’ म्हणतात. मग फॉर्म भरायची वेळच येत नाही; तो माणूस जिथे कुणी काही विचारत नाही अशा ठिकाणी खोली घेतो, आणि ठाण्यातल्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद होत नाही.