निळी गोळी आणि अंगणवाडीचा आहार: मुलीची नोंद कुठे करायची?

या दोन गोष्टींची पालक नेहमी गल्लत करतात. लोह आणि फॉलिक अॅसिडच्या निळ्या गोळीसाठी कुठलाच अर्ज लागत नाही. अंगणवाडीतल्या आहारासाठी मात्र नाव नोंदवावं लागतं.

गोळी 10 ते 19 वयाच्या मुलींसाठी असते, आठवड्याला एक. सरकारी आणि अनुदानित शाळांत सहावी ते बारावीला ती वर्गात शिक्षकांसमोर देतात. शाळा सोडलेल्या मुलींना ती अंगणवाडीत मिळते. मुलगी घरीच असते म्हणून गप्प बसू नका, सेविकेला किंवा आशाताईंना सांगा. गोळी उपाशीपोटी नको आणि चहासोबत तर नकोच, चहामुळे लोह अंगी लागत नाही. शौचाला काळी होते, त्याला घाबरून मुली गोळी सोडतात. ते लोहामुळेच होतं, त्यात धोका नाही. वर्षातून दोनदा जंतांची गोळीही देतात, तीही चुकवू नका.

आहाराची योजना 14 ते 18 वयाच्या मुलींसाठी आहे आणि ती सगळीकडे नाही. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि धाराशिव या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे म्हणून केंद्र सरकारने निवडलेल्या जिल्ह्यांतच ती चालते. पूर्वी ती 11 ते 14 वयाच्या शाळाबाह्य मुलींसाठी होती. ती जुनी माहिती अजून फिरते, तिच्यावर जाऊ नका. वर्षातले 300 दिवस, दिवसाला 600 कॅलरी आणि 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं, असं या आहाराचं प्रमाण आहे.

नोंदणीला मुलीचं आधार कार्ड घेऊन गावच्या अंगणवाडीत जा. सेविका मोबाईलवर पोषण ट्रॅकर या सरकारी अॅपमध्ये नाव भरतात. आधारवरची जन्मतारीख आधी नीट वाचून घ्या. तीच चुकली असेल तर पात्र मुलगीही वयात बसत नाही. अशा वेळी जन्मदाखला घेऊन आधार केंद्रात दुरुस्ती करा. नाव भरलं गेलं का, हे सेविकेच्या मोबाईलवर स्वतः पाहूनच परत या.

आणखी एक, एचबी (रक्तातलं हिमोग्लोबिन) तपासून घ्याच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे दम लागणं, अभ्यासात डोळे मिटणं हा आळस समजून मुलीवर रागावू नका. बारा वर्षांवरच्या मुलीची एचबी 12 ग्रॅमच्या खाली आली, तर आठवड्याची एक गोळी पुरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रोजच्या गोळ्यांचा उपचार घ्यावा लागतो. 8 च्या खाली गेली, तर त्याच दिवशी मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या.