अपंगत्व आलं म्हणून नोकरीवरून काढलं, तर अर्ज कुठे आणि किती दिवसांत करायचा

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यात प्रेसमध्ये बोटं गेलेला कामगार असो, की नजर अधू झालेला एसटीचा चालक, सुरुवात सारखीच होते. आधी सक्तीची रजा, मग ‘साहेबांना विचारून सांगतो’, आणि शेवटी टाइप केलेला एक कागद पुढे येतो: सही करा, हिशोब घेऊन जा. त्यावर ‘स्वखुशीने राजीनामा’ असं असतं. ती सही करू नका. एकदा राजीनामा दिला की आपल्याला काढलं, हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.

कोणाला कोणता आधार

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याचं कलम 20(4) सरकारी आस्थापनांना लागू आहे. नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही ढकलता येत नाही. आधीचं काम झेपत नसेल, तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं पद नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर (मंजूर पदांपेक्षा जादा, खास त्याच्यासाठी केलेल्या पदावर) ठेवायचं. 1995 च्या जुन्या कायद्यातही हीच तरतूद होती. गँगरीनमुळे पाय कापावा लागलेल्या एका कॉन्स्टेबलला तिच्याच आधारे सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये न्याय दिला (कुणाल सिंग खटला).

सरकारी आस्थापना म्हणजे फक्त कलेक्टर कचेरी नव्हे. जिल्हा परिषद, नगरपालिका, महामंडळं आणि सरकारी अनुदानावर चालणाऱ्या संस्थाही त्यात येतात. आपल्याकडच्या अनुदानित शाळांतल्या शिपाई-शिक्षकांना हे अनेकदा ठाऊकच नसतं. दुसरा गैरसमज किमान 40 टक्के अपंगत्व हवं, हा. ती अट आरक्षणासाठी आहे, कलम 20 मध्ये ती लिहिलेली नाही.

खासगी कंपनीला 20(4) लागत नाही, हे स्पष्टच सांगतो. मात्र समान संधी धोरण (दिव्यांगांना कामावर भेदभाव न करता कशी संधी देणार, याचं लेखी धोरण) प्रत्येक आस्थापनेला करावं लागतं. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील, तर दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. त्या धोरणाची प्रत लेखी मागा. उत्तर आलं नाही, तरी मागणीचा कागद पुढे कामाला येतो.

अर्जाची वाट

सरकारी आस्थापनेत पहिला अर्ज तिथल्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही, तर जिल्हास्तरीय समिती, आणि पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्त. आयुक्त देतात ती शिफारस असते. ती मान्य नसेल, तर कार्यालयाला तीन महिन्यांत कारणं कळवावी लागतात.

पण आयुक्तांच्या पत्राची वाट बघत बसलात, तर दुसरीकडची मुदत निघून जाते. यातच सगळ्यात जास्त माणसं अडकतात. अनुदानित किंवा खासगी शाळेतून काढलं असेल, तर आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत शाळा न्यायाधिकरणात अपील. राज्य सरकारी कर्मचारी असाल, तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या औरंगाबाद खंडपीठात, साधारण वर्षाच्या आत. जिल्हा परिषदेचं प्रकरण अनेकदा थेट उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात जातं.

कारखान्यातल्या कामगाराने अनुचित कामगार प्रथेची (मालकाने बेकायदा वागवल्याची, जसं नाहक काढल्याची) तक्रार कामगार न्यायालयात 90 दिवसांत करायची असते. दुसरी वाट कामगार आयुक्तालयातल्या समेट अधिकाऱ्याकडे (मालक-कामगारांत मध्यस्थी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करण्याची. तिथे 45 दिवसांत तोडगा निघाला नाही, तर पुढे स्वतःहून दाद मागता येते. यासाठी नोकरी गेल्यापासून पूर्वी तीन वर्षं मिळत होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती दोन झाली आहेत. व्यवस्थापक पदावरच्यांना या वाटा खुल्या नाहीत.

कागदपत्रं

अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आधी. प्रमाणपत्र निघायला वेळ लागत असेल, तर ऑनलाइन अर्जाची पावती आणि घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) किंवा जिल्हा रुग्णालयाचे केस पेपर जोडा. नेमणुकीचा आदेश, पगाराच्या पावत्या आणि ओळखपत्र लागतंच. कंत्राटदाराच्या नावावर असाल, तर भविष्य निर्वाह निधीचा उतारा आणि बँकेचं पासबुक हाच नोकरीचा पुरावा. अपघात कामावर झाला असेल, तर त्याची नोंद. आणि ‘मला झेपेल असं दुसरं काम द्या’ असा आपण केलेला अर्ज. तो केला नसेल, तर आजच करा.

तोंडी काढलं असेल, तर लगेच रजिस्टर पोस्टाने पत्र धाडा: ‘अमुक तारखेला गेटवर अडवलं, मी कामावर यायला तयार आहे.’ पत्राची प्रत आणि पोस्टाची पावती जपा. अर्ज हाताने दिला, तर आवक शिक्का घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका.

वकिलाच्या फीची धास्ती असेल, तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांगांना तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन करायचा तर 15100.