चवदार तळं म्हणे एका दिवसात खुलं झालं!

२० मार्च जवळ आला की आमच्या कोकणातल्या ग्रुपवर तोच मेसेज फिरतो, की महाडच्या तळ्यावर अस्पृश्यांना कायद्यानं बंदी होती, बाबासाहेबांनी १९२७ ला कायदा मोडून पाणी प्यायलं आणि तळं सगळ्यांना खुलं झालं. ऐकायला भारी आहे पण दोन्ही टोकं चुकीची.

बंदी कायद्याची नव्हतीच. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करायचा समाजसुधारक सी. के. बोल्यांचा ठराव मुंबई कौन्सिलात (म्हणजे तेव्हाच्या मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात) १९२३ लाच पास झालेला, महाड नगरपालिकेनं १९२४ ला तसा ठरावही केला, म्हणजे कागदावर तळं खुलंच होतं, फक्त अंमलबजावणी कोणी करत नव्हतं. मग बाबासाहेबांनी मोडला काय? दंडेली मोडली.

आणि नंतरचं तर मेसेजमध्ये येतच नाही. पाणी पिऊन झाल्यावर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली, तळं शेण-गोमूत्र वगैरे टाकून 'शुद्ध' केलं (त्याच तळ्यावर गुरं पाणी पीत होती बरं का), आणि ऑगस्टमध्ये त्याच नगरपालिकेनं आपलाच ठराव मागे घेतला. डिसेंबरात परत सत्याग्रह ठरला तर सवर्ण मंडळी आधीच कोर्टात, तळं खाजगी आहे आणि पूर्वापार चाल आहे म्हणून, आणि तात्पुरता मनाईहुकूमही मिळाला त्यांना. मग २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावर त्यावेळी जाता आलं नाही.

केस चालली दहा वर्षं. हायकोर्टानं मार्च १९३७ ला बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला, ती पूर्वापार चाल समोरच्यांना सिद्धच करता आली नाही.