मराठीतला ‘मी’ आणि कोंकणीतली आजी

गोव्यातल्या मराठी ललित लेखनात एक प्रसंग फिरून फिरून भेटतो. राजांगणात, म्हणजे घराच्या मधल्या चौकात, बसलेली आजी विचारते, ‘जेवलो रे पुता?’ आणि लगेच पुढे पुस्तकी मराठीत, ‘मी मान हलवली.’ घरची बोली एक, लिहिणारा ‘मी’ दुसरा.

याची मुळं जुनी आहेत. १५६०च्या सुमारास पोर्तुगीजांच्या धाकाने देवळांतले देव जुवारी नदीपार, त्यांच्या हद्दीबाहेरच्या फोंड्याकडे हलले, १६८४च्या पोर्तुगीज फर्मानाने कोंकणीवर बंदी आली. पोर्तुगीज अमदानीत पुराण, कीर्तन, नाटक चाललं ते मराठीत. साहजिकच हातात लेखणी आली तीही मराठी.

खरा गुंता १९६१च्या गोवा मुक्तीनंतरचा, आणि तो ‘मातृभाषा’ या एका शब्दाचा. आई बोलते ती मातृभाषा, हे एका बाजूचं म्हणणं. मग चवथीला माटोळीखाली, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, तीच आई जी मराठी आरती म्हणते, ती कुणाची भाषा, हा दुसऱ्या बाजूचा सवाल. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात मतपत्रिकेवर होतं विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं. विचारलं होतं ते महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाबद्दल. लोकांनी मात्र त्यात भाषाही वाचली. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं आणि मराठीत लिहिणाऱ्याला ‘तू नक्की कुठला?’ हे ऐकावं लागू लागलं. १९८७च्या कायद्याने देवनागरीतली कोंकणी राजभाषा झाली, मराठीच्या वाट्याला ‘वापर करता येईल’ एवढंच आलं. त्या दोन शब्दयोजनांमधलं अंतर इथल्या मराठी माणसाला अजून बोचतं. रोमी, म्हणजे रोमन, लिपीत कोंकणी लिहिणाऱ्यांचंही दुखणं आहे. त्याबद्दल आमच्याकडे फारसं कुणी बोलत नाही, हेही खरं.

त्यामुळे पुढचं आत्मपर लेखन वादापासून सुटून गावाच्या तपशिलात शिरलं: खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, मानस म्हणजे तिचं पाणी अडवणारं दार, बंद पडलेली खाण, विकलेली भाटं म्हणजे बागायती. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेलं कुर्डी गाव हा त्यातला ठसठशीत विषय. मे महिन्यात पाणी ओसरलं की दुसरीकडे वसवलेले गावकरी तिथे जमतात, देवळाशी पूजा करतात, चिखलातून वर आलेले चौथरे दाखवत ‘हें आमचें घर’ म्हणतात. हे लिहून काढणारा ते वाक्य कोंकणीतच ठेवतो, आणि पुढचा परिच्छेद मराठीत सुरू करतो.