बल, वस्तुमान व त्वरण यांचे अध्यापन

वस्तूवर लावलेले बल, तिचे वस्तुमान आणि तिच्यात निर्माण होणारे त्वरण (वेग बदलण्याचा दर) यांच्यातील संबंध साधारण ११ ते १४ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना शिकवणे, हा शालेय भौतिकशास्त्राचा पायाभूत भाग आहे. आयझॅक न्यूटन यांनी १६८७ साली मांडलेल्या गतिविषयक दुसऱ्या नियमावर तो आधारलेला आहे. ‘बल = वस्तुमान × त्वरण’ हे आज रूढ असलेले समीकरण मात्र न्यूटन यांच्या ग्रंथात या रूपात आढळत नाही; ते अठराव्या शतकात लेओनार्ड ऑयलर यांच्या लेखनातून पुढे आले. समीकरण छोटे असल्यामुळे चटकन पाठ होते, आणि ते पाठ झाले म्हणजे समजले असा समज करून घेणे हा या अध्यापनातील सर्वांत मोठा धोका आहे.

विद्यार्थी वर्गात येतो तो गतीविषयीची स्वतःची समजूत घेऊनच. ढकलणे थांबवले की खोके थांबते, पायडल मारणे सोडले की सायकल मंदावते. तेव्हा वस्तू चालती राहण्यासाठी बल लागतच राहते, हा निष्कर्ष त्याने अनुभवातून काढलेला असतो. ॲरिस्टॉटल यांचीही धारणा काहीशी अशीच होती आणि ती पुरती ढळायला सतरावे शतक उजाडावे लागले, म्हणून मुलांची ही समजूत अडाणीपणाची मानणे अन्यायाचे आहे. घर्षण हेही एक बल आहे, एवढी एकच गोष्ट तिच्यातून निसटलेली असते. ही समजूत उघडी पाडणारा एक साधा प्रश्न आहे : उभा वर फेकलेला चेंडू हातातून सुटल्यानंतर त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करतात, ते बाण काढून दाखवा. पुष्कळ विद्यार्थी ‘फेकल्याचा जोर’ म्हणून वरच्या दिशेने एक बाण काढतात. प्रत्यक्षात, हवेचा विरोध सोडल्यास, चेंडूवर खाली ओढणारे गुरुत्वबल तेवढे असते. अगदी माथ्यावर वेग क्षणभर शून्य होतो तेव्हाही त्वरण सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग इतकेच आणि खालच्या दिशेने असते. डेव्हिड हेस्टेनीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेली बलसंकल्पनांची चाचणी अशाच साध्या भाषेतील प्रश्नांची आहे. गणिते बिनचूक सोडवणाऱ्यांच्या मनातही जुनी समजूत टिकून राहू शकते, हे तिच्यामुळे शिक्षकांच्या ध्यानात आले.

तीन राशींपैकी त्वरण सर्वांत अवघड, कारण ते बदलाचे मोजमाप आहे आणि डोळ्यांना दिसतो तो वेग. येथे ठिपके उमटवणाऱ्या कागदी पट्टीचा फार उपयोग होतो. गाडीमागे ओढल्या जाणाऱ्या पट्टीवर यंत्र सेकंदाला ५० ठिपके उमटवत असेल, तर दहा अंतरांचा प्रत्येक तुकडा ०.२ सेकंदाचा होतो. हे तुकडे कापून क्रमाने शेजारी शेजारी उभे चिकटवले की जिना तयार होतो. पायरीची उंची सारखीच वाढत गेली तर त्वरण एकसमान आहे, हे कोणत्याही सूत्राविना दिसते.

नियमाची पडताळणी बहुधा कप्पीवरून दोरी नेऊन, तिच्या टोकाला वजने टांगून, गाडी ओढून केली जाते. या प्रयोगात एक खोच आहे. समजा, गाडी लादलेल्या वजनांसह ९०० ग्रॅम आणि टांगलेले वजन १०० ग्रॅम आहे. घर्षण नगण्य धरल्यास ओढणारे बल ०.९८ न्यूटन आणि हलणारे एकूण वस्तुमान १ किलोग्रॅम, म्हणून त्वरण ०.९८ मीटर प्रतिसेकंद वर्ग येते. बल दुप्पट करण्यासाठी बाहेरून आणखी १०० ग्रॅम टांगले, तर हलणारे वस्तुमानही १.१ किलोग्रॅम होते, त्वरण १.७८ च येते आणि नियम खोटा ठरल्यासारखा वाटतो. तेच १०० ग्रॅम गाडीवरून उचलून टांगले तर एकूण वस्तुमान कायम राहून त्वरण नेमके दुप्पट, म्हणजे १.९६ होते. तरीही एक मीटर अंतराला लागणारा वेळ निम्मा होत नाही; तो १.४३ सेकंदांवरून १.०१ सेकंदांवर येतो, कारण स्थिर स्थितीतून निघालेल्या वस्तूने तोडलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हा फरक आधी समजावून दिला नाही, तर प्रामाणिकपणे मोजणारा विद्यार्थीच गोंधळतो.

वस्तुमान आणि वजन यांची गल्लत वेगळी हाताळावी लागते, कारण व्यवहारात वजनही किलोग्रॅममध्येच सांगितले जाते. न्यूटन या बलाच्या एककात खुणा केलेला तानकाटा (स्प्रिंगचा काटा) वर्गात असावा : त्याला टांगलेले १ किलोग्रॅम वस्तुमान पृथ्वीवर सुमारे ९.८ न्यूटन दाखवते, चंद्रावर त्याच्या साधारण एकषष्ठांश दाखवील, पण ते हलवायला किंवा थांबवायला दोन्हीकडे सारखेच अवघड जाईल. जड वस्तू आधी पडते हा समजही येथेच सोडवता येतो. जड वस्तूवर गुरुत्वबल जास्त असते हे विद्यार्थ्यांचे म्हणणे बरोबरच आहे. मात्र तिचे वस्तुमानही त्याच प्रमाणात जास्त असल्याने बल भागिले वस्तुमान, म्हणजेच त्वरण, तेवढेच राहते. १९७१ साली अपोलो १५ मोहिमेत डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले, तेव्हा दोन्ही बरोबरच जमिनीवर टेकले. तो चित्रफितीतील प्रसंग दाखवण्यापूर्वी प्रत्येकाकडून अंदाज लिहून घेणे इष्ट.