लॉन वाळलं, करंज पालवला: मे महिन्यात झाडाला पाणी कोण देतं?

मे महिन्यात नागपूरच्या बेसा भागातल्या एका नवीन लेआउटमध्ये आतेभावाकडे गेलो होतो. घरासमोर हजारेक स्क्वेअर फूट मोकळी जागा, नर्सरीवाल्याने लाल माती टाकून त्यावर मेक्सिकन लॉनचे गालिचे अंथरून दिलेले, कडेने गोल छाटलेल्या फायकसच्या कुंड्या आणि दोन पाम. लॉन जागोजागी पिवळं पडलेलं, बोअर जेमतेम अर्धा तास चालत होती म्हणून टँकर मागवून पाणी मारणं सुरू. आणि कंपाउंडच्या बाहेर रस्त्याच्या कडेला एक करंज. त्याला कोणी कधी तांब्याभर पाणी घातलेलं नाही, ऑक्टोबरनंतर अवकाळीचे चार शिंतोडे सोडले तर पाऊस नाही, आणि पठ्ठ्याला नवीन पालवी, चकचकीत, पोपटी, उन्हात बघवत नाही इतकी तुकतुकीत.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, याला रोज पाणी देऊन राहिलो तरी हे वाळून राहिलं, अन् त्या करंजाकडं कोणी पाहत नाही तर तो पालवून राहिला. काहून?"

मला हा प्रश्न इतका आवडला की तिथे चहा पिता पिता अर्धवट उत्तर दिलं ते पुरेसं वाटेना, म्हणून इथे नीट लिहितोय.

आधी लॉनचा हिशोब करू. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका स्क्वेअर मीटरवर एक लिटर. नागपूरच्या मे महिन्यात हिरवं राहायला गवताला रोज 8 मिलिमीटर लागतं असं धरा. हजार स्क्वेअर फूट म्हणजे 93 स्क्वेअर मीटर. झाले रोजचे 740 लिटर, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी पाऊण रिकामी, नुसत्या गवतासाठी. आणि त्याची मुळं वरच्या चार-सहा इंचांत, कारण आपण रोज वरवर पाणी शिंपडतो, मग मुळांना खाली जायची गरजच काय. एक दिवस टँकर चुकला की खेळ खलास.

करंजाचा हिशोब वेगळा आहे, तो मागच्या पावसाळ्याचं पाणी पितोय. नागपूरला वर्षाला साधारण 1100 मिलिमीटर पाऊस पडतो, बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. त्यातला काही भाग काळ्या मातीत आणि खालच्या मुरमात जिरून राहतो. वरची माती मार्चमध्येच भेगाळते पण दोन-तीन मीटर खाली ओल असते. करंज मूळचा ओढ्या-नाल्यांच्या काठचा, त्याचं सोटमूळ खोल जातं. इथपर्यंत शाळेतलंच आहे. पण तीन मीटर खालचं पाणी दहा मीटर वरच्या पानात पोचतं कसं, हा या सगळ्यातला माझा सगळ्यात लाडका भाग.

विहिरीच्या काठावर ठेवलेली मोटर दहा मीटरपेक्षा खालचं पाणी ओढू शकत नाही, प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच हात टेकते. म्हणून तर आपण बोअरमध्ये सबमर्सिबल सोडतो, ती खालून ढकलते. झाडाच्या मुळाशी अशी कुठलीही मोटर नाही. आपल्या जगदीशचंद्र बोसांना वाटायचं की खोडातल्या जिवंत पेशी हृदयासारख्या धडधडत पाणी वर ढकलतात. फार मोठा माणूस, पण इथे ते चुकले. त्यांच्या कितीतरी आधी, 1890 च्या सुमारास, स्ट्रासबुर्गर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने झाडाला विषारी द्राव पाजून खोडातल्या जिवंत पेशी मारून टाकल्या होत्या, तरी पाणी वर चढतच राहिलं. म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या मेलेल्याच असतात आणि त्या ढकलत नाहीत. मग 1894 मध्ये डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी सांगितलं की पाणी वरून ओढलं जातं. पानातून एक रेणू हवेत उडाला की तो मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला, आणि ही साखळी थेट मुळाच्या टोकापर्यंत तुटत नाही, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना भयंकर घट्ट धरून असतात.

आता ही रस्सीखेच आहे हे लक्षात घ्या. एका टोकाला माती पाण्याला धरून बसलीय, दुसऱ्या टोकाला हवा खेचतेय, आणि झाड म्हणजे मधला दोर. हवा किती जोरात खेचते? 42 डिग्री तापमान आणि 15 टक्के आर्द्रता, म्हणजे आपली नेहमीची मे महिन्यातली दुपार घेतली, तर गणित येतं साधारण 2700 वातावरण! (एक वातावरण म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेचा जेवढा दाब असतो तेवढा.) कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन वातावरण दाब असतो, त्यावरून अंदाज करा. ही सगळी ओढ दोरावर आली तर क्षणात तुटेल, म्हणून पानाला पर्णरंध्रं आहेत, ती दुपारी बरीचशी मिटतात आणि दोरावर 20-40 वातावरणांइतकाच ताण येऊ देतात. दुसऱ्या टोकाला काळी माती. तिच्यात पाणी भरपूर मावतं पण चिकणमातीचे पापुद्रे ते सहजासहजी सोडत नाहीत. माती साधारण 15 वातावरणांच्या जोराने पाणी धरून बसली की बहुतेक पिकं माना टाकतात. गंमत अशी की त्या वेळीसुद्धा काळ्या मातीत बरंच पाणी शिल्लक असतं, फक्त ते ओढायची ताकद हवी. कोरड्या रानातल्या झाडांकडे ती असते.

मग मोटरला जे जमत नाही ते झाडाला कसं जमतं? मोटरने फार ओढलं की पाण्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि धार तुटते. झाडाच्या नळ्या बारीक, आत हवेचा कण नाही, त्यामुळे ताण असूनही पाणी एकसंध राहतं. पण ते कायम काठावर असतं. शेजारच्या नळीत हवा शिरली तर मधल्या भिंतीतल्या जाळीदार पडद्यातून बुडबुडा घुसायला बघतो. त्या जाळीचं भोक 100 नॅनोमीटरचं असेल तर पाण्याचा पृष्ठताण त्याला साधारण 28 वातावरणांपर्यंत अडवतो, भोक दुप्पट मोठं असेल तर निम्म्यावरच बुडबुडा आत, आणि ती नळी बाद. तिकडे नळीची रुंदी दुप्पट केली तर प्रवाह दुप्पट नाही, सोळापट होतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घातावर चालतो. रुंद नळ्यांचं झाड पावसाळ्यात सुसाट वाढतं, पण अशा नळ्यांत बुडबुड्याचा धोका सहसा जास्त असतो. सागाच्या फळीचं कापलेलं टोक बघा, छिद्रं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. म्हणूनच साग उन्हाळाभर पानं टाकून उघडा उभा असतो. पान हा त्याचा फ्यूज आहे, वायरिंग जळण्याआधी तो उडवायचा.

1965 मध्ये शोलँडर या शास्त्रज्ञांनी हा ताण मोजायचं सोपं यंत्र वापरात आणलं. तोडलेली डहाळी बंद डब्यात घालायची, देठ बाहेर ठेवायचं आणि देठातून पाण्याचा थेंब बाहेर येईपर्यंत आत दाब वाढवायचा, जेवढा दाब लागला तेवढा ताण. उंच झाडांच्या शेंड्याच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीने पाडून घेतल्या होत्या.

2023 मध्ये "झाडं रडतात" अशा बातम्या फिरल्या, आठवत असेल. इस्रायलमधल्या संशोधकांनी तहानलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांमधून येणारे अल्ट्रासाउंडचे टिकटिक आवाज नोंदवले होते. ते बहुधा हेच, नळीत बुडबुडा होतानाचे. रडण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही, पाण्याचा दोर तुटल्याचा तो आवाज आहे आणि मला तो रडण्यापेक्षा जास्त थरारक वाटतो.

तर वहिनींच्या करंजाने काय केलं? फेब्रुवारी-मार्चमध्ये जुनी पानं टाकली. जुनी पानं रंध्रं नीट मिटू शकत नाहीत, पाणी गळतं. खर्च थांबला की खोलची मुळं हळूहळू खोड पुन्हा भरतात, ताण उतरतो, आणि त्या भरलेल्या पाण्यावर कळ्या फुटतात. गुढीपाडव्याच्या सुमारास कडुनिंबाची तांबूस पालवी, पिंपळाची गुलाबी पानं, सगळं याच हिशोबात बसतं. पळस तर पानं येण्याआधी फुलतो. जूनमध्ये ढग येतात तेव्हा यांची पानं तयार असतात, पहिल्या दिवसापासून कमाई सुरू.

पिंपळावरून आठवलं, तो 24 तास ऑक्सिजन देतो हा मेसेज अजूनही फिरतोय. ऑक्सिजन तयार व्हायला प्रकाश लागतो. रात्री पिंपळसुद्धा आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतो. त्याला नमस्कार करा, जरूर करा, पण शाळेतल्या मुलांना हे विज्ञान म्हणून सांगू नका.

आता गारव्याकडे येऊ, कारण नागपुरात घर म्हटलं की शेवटी प्रश्न तोच. 30 मे 2024 ला इथे 56 डिग्रीची बातमी आली होती, ती सेन्सर बिघडल्यामुळे होती हे हवामान विभागाने नंतर सांगितलं, पण खरे 45-46 काही कमी नाहीत. झाड म्हणजे आपला कूलरच. कूलरच्या ताट्यात पाणी उडतं आणि हवेतली उष्णता घेऊन जातं, पानात तेच होतं. (ताट्यातला वाळासुद्धा आपल्याकडचंच एक खोल मुळांचं गवत आहे, आणि वास येतो तो त्याच्या मुळांनाच.) एक लिटर पाणी उडताना साधारण 2400 किलोज्यूल उष्णता घेतं. दीड टनाचा एसी तासाला जेवढी उष्णता काढतो तेवढी काढायला झाडाला तासाला आठ लिटर पाणी सोडावं लागेल. जगभरच्या मोजमापांत मोठ्या झाडांचा आकडा बहुतेक वेळा दिवसाला 10 ते 200 लिटर येतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात तो खालच्या बाजूलाच असणार. म्हणजे "एक झाड म्हणजे दहा एसी" हे खोटं आहे. शिवाय तो गारवा बंद खोलीत राहत नाही, वाऱ्याबरोबर शेजारी जातो. घराला खरा फायदा सावलीचा. दुपारी तीननंतर पश्चिमेची भिंत तापते आणि रात्री बारापर्यंत खोलीत उष्णता ओतत बसते, तिच्यावर ऊन पडूच दिलं नाही तर फरक स्वतःच्या हाताला जाणवतो.

म्हणून आतेभावाला सांगितलं, पहिलं झाड पश्चिमेला. पण भिंतीला चिकटून नाही, चार-पाच मीटर सोडून, कारण काळी माती वाळली की आकसते आणि झाड पायाजवळची माती जास्त वाळवतं, भिंतीला तडे जातात. तेवढी जागा असेल तर करंज किंवा कडुनिंब. लहान प्लॉट असेल तर बहावा, आपटा, बेल. कंपाउंडच्या कडेने अडुळसा, निर्गुडी, कोरांटी, धायटी, एखादा पारिजातक. गवत हवंच असेल तर आपली हराळी, ती मे महिन्यात तपकिरी होईल, होऊ द्या, पहिल्या सरीला परत येते. खाली पडलेला पाला जाळू नका, झाडाखालीच पसरा, मातीवर ऊन पडलं नाही की वरची ओल टिकते. पानांवर अळ्या दिसल्या तर फवारणी नको, फुलपाखरं त्यातूनच येतात.

देशी म्हणजे सगळं चांगलं आणि बाहेरचं सगळं वाईट असंही मी म्हणत नाही. गुलमोहर मादागास्करचा, तोही कोरड्या रानातला, उन्हाळा काढतो, त्याची अडचण वादळात फांद्या मोडण्याची आहे. चिंचसुद्धा मूळची आफ्रिकेची. मुद्दा एवढाच की आठ महिने कोरडे आणि चार महिने चिखल या वेळापत्रकाची ज्या झाडाला सवय आहे त्याला तुमच्या टँकरची गरज नाही. मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, अशी सवय असलेल्या झाडांच्या बुडाशी खोडापर्यंत सिमेंट आणि पेव्हिंग ब्लॉक ठोकले जातात त्याचा. मागच्या पावसाचं पाणी पिणाऱ्या झाडाच्या मुळाशी पाऊसच मुरू दिला नाही तर ते पिणार काय? निदान एक मीटरचा गोल उघडा ठेवा.

लावायचं केव्हा, तर दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, आणि नर्सरीतलं सहा फुटी झाड बघून भुलू नका. पिशवीत वाढलेल्या झाडाचं सोटमूळ तळाशी वेटोळं झालेलं असतं, ते पुढे खोल जात नाही आणि सगळं गणित तिथेच बिघडतं. त्यापेक्षा वीतभर रोप बरं, किंवा थेट बी. पळसाच्या शेंगा मे-जूनमध्ये खाली पडलेल्या मिळतात. घराशेजारी मोकळी जागा असेल तर मोहाची बी मिळेल त्याच आठवड्यात मातीत टाका, ती ठेवून टिकत नाही. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात पाणी द्यावं लागेल, पण रोज शिंपडू नका, आठवड्यातून एकदा भरपूर द्या, म्हणजे ओल खाली जाईल आणि मूळ तिच्या मागे जाईल. पहिल्या वर्षी वर चार पानं दिसतील आणि वाटेल काही होतच नाहीये. उकरून बघू नका, तेव्हा ते खाली वाढत असतं.